कंपाउंडरकाकांचे कोरे दंड

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढं यावं, पुढच्यांनी जरा आवरून बसावं. सगळ्यांना पुरेल एवढी गोष्ट आहे. एका भल्या माणसाच्या खोट्याची. खोटं बोलण्यात तो अगदीच कच्चा निघाला, म्हणून तर त्याला भला म्हणायचं.

अडतीस वर्षं काकांनी एकाच दवाखान्यात कंपाउंडरकी केली. जुने डॉक्टर नाडी बघत. औषध बनवायचं, बाटलीला मात्रेची कागदी पट्टी कातरून चिकटवायची, काचेच्या सिरिंजा उकळायच्या आणि टोचायचं, हे सारं काकांकडे. हात असा हलका, की पेशंट दात-ओठ आवळून बसलेला असे आणि काका कापूस टाकून पुढच्याला हाक मारत. पण काकांच्या स्वतःच्या दंडाला मात्र उभ्या नोकरीत सुई शिवली नव्हती. दरवर्षी फ्लूची लस आली की जुने डॉक्टर त्यांना बाही वर करायला सांगत, आणि नेमकं तेव्हाच काकांना मागच्या खोलीत काहीतरी उतू जाताना ऐकू येई. काय आहे, दुसऱ्याला टोचताना दंड दिसतो. आपल्याला टोचून घेताना सुई दिसते.

निवृत्तीबरोबर हे प्रकरण मिटलं असतं. पण लेक महिन्याच्या बाळाला घेऊन माहेरी यायची होती, आणि तिनं पंधरा-वीस दिवस आधीच फोनवर बजावलं की यंदा घरात सगळ्यांनी लस घ्यायची. न घेणाऱ्यानं बाळाला हात लावायचा नाही. बाळाच्या आजीनं त्याच दिवशी लस घेतली आणि येताना त्याच हातातून भाजीची पिशवी आणली. काकांचा विचार चालू होता. सोमवारी त्यांना शिंक आली, मंगळवारी गर्दी असते, बुधवारी लस संपली असणार. असं करता करता लेक यायचा आदला दिवस उजाडला. काका दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले, आतून स्पिरिटचा वास आला आणि पाय आपोआप वळले. घरी येऊन त्यांनी डाव्या दंडावर कापसाचा बोळा ठेवून पट्टी चिकटवली. इतकी सुबक, की खऱ्या लसवाल्यांनी लाजावं.

लेक आली. नात म्हणजे मुठीएवढं तोंड आणि त्यात जांभई. काकांनी दोन्ही हात पुढं केले.

"बाबा, लस?"

काकांनी पट्टी दाखवली.

"दुखतंय का?"

"छे, अजिबात नाही."

"असं कसं? माझा तर दोन दिवस हात वर होत नव्हता."

काका सावध झाले. पुराव्यात उणं नको म्हणून म्हणाले, "म्हणजे, ठणकतोय तसा बऱ्यापैकी."

"मग राहू दे," आजी म्हणाली आणि तिनं नातीला आपल्याकडे ओढलं. "ठणकत्या हातात एवढासा जीव कोण देईल?"

झालं. ज्या खोट्यानं नात मांडीवर यायची, त्याच खोट्यानं ती पलीकडच्या पलंगावर गेली. काकांना हाताखाली उशी मिळाली, चहा जागेवर मिळाला. बाळ तेवढं मिळेना.

दुसऱ्या दिवशी आंघोळीत पट्टी भिजली. काकांनी आरशात बघून ताजी लावली, आणि आरशानं आपलं काम केलं.

"बाबा, काल डाव्या हाताला होती ना?"

"सरकली असेल."

"डाव्या दंडावरून उजव्या दंडावर?" आजीनं विचारलं. "कुठल्या वाटेनं?"

काकांना वाट सापडेना. शेवटी म्हणाले, "दोन्हीकडे दिली."

एकाच माणसाला दोन सुया! लेकीनं बाळ आजीकडे दिलं, पायात चपला सरकवल्या आणि काकांना घेऊन थेट दवाखाना गाठला. तिथं आता जुन्या डॉक्टरांची मुलगी बसते. लेकीनं तिला चांगलंच सुनावलं. डॉक्टरबाईंनी वही दोनदा उलटीपालटी केली. काकांचं नावच नव्हतं. मग वही मिटून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नर्सकडून लिहायचंही राहिलं म्हणजे चूक आमचीच. काका खोटं कशाला सांगतील? माझ्या वडिलांचा उजवा हात होते ते."

सुईची टोचणी घडीभराची असते. ही टोचणी निघायचं नाव घेईना.

"चूक तुमची नाही, ताई," काका म्हणाले. "दोन्ही दंड कोरे आहेत. मला सुईची भीती वाटते."

लेक बघतच राहिली. डॉक्टरबाईंनी मात्र स्टूल जवळ ओढलं. "माझ्या बाबांना ठाऊक होतं, काका. घरी म्हणायचे, त्याला जबरदस्तीनं टोचलं आणि उद्या त्याचाच हात थरथरायला लागला, तर माझ्या पेशंटांनी कुणाकडे बघायचं? म्हणून दरवर्षी नुसतं विचारून सोडून द्यायचे."

डॉक्टरबाईंनीच त्यांची बाही वर केली. "लहानपणी मी रडायला लागले की तुम्ही विचारायचात, घरात कोणकोण आहे सांग. मी आत्यापर्यंत पोचायच्या आत सुई बाहेर. आता तुम्ही सांगा."

काकांनी डोळे गच्च मिटले. "बायको. लेक. जावई. आता ही नात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि डॉक्टर."

डॉक्टरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सुई कधीच निघाली होती, पण डॉक्टरबाईंनी कापूस लागतो त्याहून बराच वेळ धरून ठेवला.

"आता नातीला घेऊ ना?" काकांनी बाही खाली करत विचारलं.

"लस अंगात भिनायला पंधरा दिवस लागतात, काका. सगळ्या गावाला हे तुम्हीच सांगायचात."

तेव्हा कुठं लेकीला हसू फुटलं. काका पंधरा दिवस खोलीच्या दारात खुर्ची टाकून नातीच्या जांभया मोजत बसले. सोळाव्या दिवशी लेकीनं बाळ त्यांच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यांनी आधी नातीला घरात कोणकोण आहे ते सांगितलं. सगळी नावं घेतली. एकही गाळलं नाही.

तर मंडळी, यंदा बाही वर करायची वेळ आली की तुम्हीही घरातली माणसं मोजा. आणि मोजता मोजता, एका भित्र्या माणसाची लाज ज्यांनी वर्षानुवर्षं, काही न बोलता झाकली, त्या जुन्या डॉक्टरांची एकवार आठवण काढा.