झेब्र्यावरचा जवळा

"येत्या रविवारी आई एकटीने रस्ता ओलांडणार! नाही ओलांडला, तर माझं नाव जतीन सावे नाही!"

ही भीष्मप्रतिज्ञा जतीनभाईंनी तोंडात भाताचा घास असताना केली. त्यांच्या पत्नी विनितावहिनी ताक वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मग दुसरं कुठलं नाव ठेवायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. ऐनवेळी धावपळ नको."

जतीनभाईंनी दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना घरात किंमत नसते, हे त्यांना माहीत होतं. डहाणूत चिकूची वाडी असलेले पुष्कळ आहेत. पण डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जाकीट आणि सायकलला पुढे-मागे मिळून चार दिवे असा सरंजाम करून वाडीत जाणारे जतीनभाई एकटेच! 'डहाणू पादचारी व सायकलस्वार हितरक्षक मंचा'चे ते संस्थापक अध्यक्ष. सदस्य दोन. एक विनितावहिनी, त्यांना विचारलंच नव्हतं. दुसरा लाहू रिक्षावाला. बैठकीला चहा-भजी असतात म्हणून तो येई.

आता एवढी प्रतिज्ञा करायचं कारण सांगायला हवं. जतीनभाईंचं घर रस्त्याच्या या बाजूला. पलीकडे समुद्राच्या अंगाला धनूबायचं घर. धनूबाय मासळीवाली आणि जतीनभाईंच्या आई, नर्मदाबाई, यांची जन्माची मैत्रीण. रोज दुपारी नर्मदाबाई पलीकडे जायच्या, धनूबायच्या ओट्यावर पाय पसरून बसायच्या आणि दोघी मिळून जगाचा निकाल लावायच्या. मग रस्ता रुंद झाला. आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले! सुट्टीच्या दिवशी मुंबईहून आणि सुरतेहून गाड्या अशा सुटू लागल्या, की जणू समुद्र संध्याकाळी बंद होणार आहे. एकदा अशाच एका गाडीने नर्मदाबाईंना गटारात उडी मारायला लावली. गुडघा गेला तो गेलाच, पण धीरही गेला. फुटपाथ आहे की, म्हणाल. आहे ना! त्यावर ताडगोळ्यांची हातगाडी आहे, तीन मोटारसायकली आहेत, एक विजेचा डबा आहे आणि त्या डब्याच्या सावलीला एक गाय आहे. माणसांनी तेवढं रस्त्यावरून चालायचं.

तेव्हापासून दोघी मैत्रिणी रस्त्याच्या दोन काठांवरून ओरडून बोलत.

"धनूऽऽ! आज सूनबाईने डाळीत..." पों पों!

"काऽय?"

"मीठ गं, मीठ! दोनदा घातलंन!"

संध्याकाळी चिकूचा व्यापारी विनितावहिनींना विचारी, "काय वहिनी, आज डाळ खारट झाली म्हणे?" म्हणून नवऱ्याच्या इतर समाजकार्याला नाकं मुरडणाऱ्या वहिनी या एका कामात मनापासून त्याच्या बाजूने होत्या. "बाकी काही करू नका. आईंना तेवढं पलीकडे पोचवा!"

जतीनभाईंनी अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, मग स्मरणपत्राची आठवण करून देणारं पत्र दिलं. आणि खरंच एके दिवशी माणसं आली, रस्ता झाडला, धुतला आणि घरासमोर दुधासारखे पांढरे झेब्र्याचे पट्टे मारून गेली. उद्घाटन रविवारी, पालघरहून येणाऱ्या बांधकाम खात्याच्या साहेबांच्या हस्ते.

शनिवारी जतीनभाईंनी तालीम घेतली. परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तसे ते पट्ट्यावर उभे राहिले आणि हात वर केला. पहिल्या गाडीवाल्याने उलट हात हलवून "हाय" केलं आणि तो गेला. दुसऱ्याने काच खाली करून विचारलं, "काका, बीच किधर है?" समुद्र त्याच्याच खिडकीतून दिसत होता! तिसऱ्याने असा काही हॉर्न मारला, की जतीनभाई गटारात आणि हेल्मेट धनूबायच्या अंगणात.

"उद्या साहेब असतील. साहेबांसमोर सगळे थांबतात," ते चिखल पुसत म्हणाले.

रविवारी सकाळी जतीनभाई रेशमी फीत घेऊन बाहेर आले. मागून नर्मदाबाई. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा वळेसर, हातात धनूबायसाठी चिकूची पिशवी. पोरावर त्यांचा फार विश्वास! बाहेर बघतात तर काय, रस्त्यावर शांतता! दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडी कडेच्या मातीतून अंग चोरून हळूहळू निघालेली.

"बघितलंस आई? जागृती!" जतीनभाईंनी हातातली फीत हवेत नाचवली.

मग त्यांची नजर खाली गेली. झेब्र्यावर मासळी पसरली होती! जवळा! ती बोटाच्या पेराएवढी, कोळंबीच्या जातीची, उन्हात वाळवतात ती. प्रत्येक पांढऱ्या पट्ट्यावर एकसारखा थर, कडेला टोपल्या घेतलेल्या बाकीच्या मासळीवाल्या आणि मध्ये कमरेवर हात ठेवून धनूबाय.

"धनूबाय! हे काय?"

"जवळा."

"ते दिसतंय! पण इथे?"

"मग कुठं? वाळत घालायला तर केलंय!" धनूबाय प्रसन्न हसली. "सरकारनं पयल्यांदा डोक्यानं काम केलं बघ, जतीनभाय. वाळूवर जागेवरनं रोज भांडणं व्हायची. आता पट्टेच पाडून दिलं. एकीला एक! ह्यो माझा, त्यो जमनीचा, त्यो तिच्या जावेचा."

"आणि मधली काळी जागा?"

"ती चालायला. जवळा हलवायचा तर पाय कुठं ठेवणार?"

"अहो, हे माणसांनी रस्ता ओलांडायला आहे!"

सगळ्या बायका हसायला लागल्या. "माणसांनी? हितनं? मरायला?"

आता हुशार माणसाने इथे थोडा विचार केला असता. या गाड्या अशा अंग चोरून कशाला जातायत, असं स्वतःला विचारलं असतं. मागच्या हंगामात एकाने जवळ्यावरून गाडी नेली, तेव्हा बायकांनी त्याची किल्ली काढून घेऊन त्याला दिवस मावळेपर्यंत जवळा निवडायला बसवलं होतं. ती गोष्ट पार तलासरीच्या हायवेपर्यंत पसरली होती. पण जतीनभाई पडले अध्यक्ष! त्यांनी लाहूच्या हाती झाडू दिला आणि सगळा जवळा टोपल्यांत भरायला लावला. धनूबायने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि टोपल्या उचलून सगळ्या बायका पलीकडे गेल्या.

झेब्रा स्वच्छ झाला मात्र, आणि सूंऽऽ! गाड्या पुन्हा धावू लागल्या.

तेवढ्यात साहेब आले. पण उतरले समुद्राच्या बाजूला. फीत, माईक, समोसे सगळं या बाजूला!

"या साहेब, या!" जतीनभाई माईकवरून ओरडले. "पादचाऱ्याला प्राधान्य आहे!"

"गाड्यांना सांगितलंय का ते?" साहेब पलीकडून ओरडले. ते एक पाऊल पुढे आले, दोन पावलं मागे गेले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकदा निकराने निघाले, तेव्हा जी गाडी हॉर्न मारत त्यांच्या नाकासमोरून गेली, ती त्यांचीच होती! ड्रायव्हर सावलीत जागा शोधायला निघाला होता.

"रिक्षातून आणू का त्यांना?" लाहूने विचारलं.

"झेब्र्याचं उद्घाटन रिक्षातून?" जतीनभाई कडाडले.

नर्मदाबाई कडेला उभ्याच होत्या. उन्हाने अबोली मलूल झाली होती. त्यांनी चिकूची पिशवी लेकाच्या हातात दिली. "राहू दे रे, जतीन. तू पुष्कळ केलंस. मी आपली इथूनच ओरडते."

साहेबांपुढे फजिती झाली त्याचं काही नव्हतं, पण आई नटूनथटून पुन्हा घरात परतणार, हे जतीनभाईंना बघवेना. त्यांनी माईक उचलला आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"धनूबाय... जवळा घाला!"

"आता? झाडून काढलास त्यो?" पलीकडून उत्तर आलं.

"पाया पडतो!"

"पट्टे कायमचे आमचे?"

"तुमचे! तुमच्या नातवंडांचे!"

धनूबाय टोपली घेऊन रस्त्यात उतरली. पहिली मूठ पडली आणि करकचून ब्रेक लागले! कालचाच तो "बीच किधर है"वाला खाली उतरून अदबीने विचारू लागला, "मौसी, किस साईड से जाऊँ?" मधल्या काळ्या पट्ट्यांवरून तिकडून साहेब चवड्यांवर आले, इकडून नर्मदाबाई निघाल्या. मध्यावर साहेबांनी हात जोडले. नर्मदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या धनूबायच्या ओट्यावर जाऊन बसल्या, पाय पसरले आणि दोघी रडल्या, मग हसल्या, मग चिकू खाऊ लागल्या.

साहेबांनी भाषण केलं. वाहनचालकांमधली शिस्त पाहून त्यांचं मन भरून आलं होतं. असे झेब्रे जागोजागी व्हायला हवेत, असंही ते म्हणाले. जवळ्याचा त्यांनी उल्लेख केला नाही, पण बुटांना लागलेला त्यांच्याबरोबर पालघरपर्यंत गेला.

आता ऊन आहे तोवर झेब्रा चालू असतो. जवळा उचलायच्या आत नर्मदाबाई घरी परततात. जतीनभाईही बाजारात जाताना सायकलच्या टोपलीत मूठभर जवळा ठेवतात. कुठे रस्ता ओलांडायचा झाला तर उपयोगी पडतो. मागे मांजरं लागतात, पण गाड्या थांबतात!

आठवड्याभराने विनितावहिनी म्हणाल्या, "अहो, तो झेब्रा पुसता येईल का?"

"का? आई ओरडत नाही ना आता?"

"तेच तर! आता कुजबुजतात! मधूनच आपल्या घराकडे बघून हसतात. आधी निदान काय बोलतात ते कळायचं तरी. माझंच चालत असणार!"

जतीनभाईंनी हेल्मेट काढलं आणि उगाचच त्याचा पट्टा चाचपला.

"तुझं नाही," ते म्हणाले. "मी काल पलीकडे गेलो होतो, तेव्हा ऐकलं. आईचं म्हणणं, रस्ता काही पोराने ओलांडून दिला नाही, जवळ्याने दिला. तेव्हा दोघी मिळून माझ्यासाठी नवीन नाव शोधतायत."