मऊसूत टॉवेल

"याला कुबट वास येतोय," म्हणत भावी मॅनेजरांनी टॉवेल बायकोच्या नाकाशी धरला.

तसे ते अजून हेडक्लार्कच होते. पण ऑफिसात मॅनेजरची खुर्ची रिकामी झाल्यापासून घरात त्यांचा रुबाब मॅनेजरचाच होता. त्यात रविवारी साहेब चहाला येणार होते. साहेब उगाच कुणाकडे जात नाहीत, माणूस पारखायला जातात, अशी ऑफिसात बोलवा होती. ऐनवेळी एका कुबट टॉवेलाने घात केला, तर हातातोंडाशी आलेली खुर्ची जायची.

"दोन दिवस ऊन कुठंय? कडक ऊन लागलं की जाईल वास," बायको म्हणाली.

"उन्हाच्या भरवशावर मी प्रमोशन सोडू?"

टॉवेलखातं त्यांनी त्या क्षणी स्वतःकडे घेतलं. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी लिक्विडची मोठी बाटली आणली. एक झाकण पुरे, असं बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं. पण हात आखडता घ्यायची सवय त्यांना फक्त घरखर्चापुरती होती. ते बाटली उपडी करत.

"अहो, एवढं ओतलं की टॉवेल पाणी पीत नाही."

"टॉवेलाने पाणी प्यायचं कशाला? अंग पुसायचं!"

टॉवेल फुगले, घमघमले, आणि काम करायचे थांबले. मुलगी आंघोळ करून निथळत बाहेर आली.

"बाबा, पुसलंच जात नाहीये. पाणी नुसतं इकडून तिकडे जातंय."

"तुला धीर नाही. नीट पूस."

मुलीने चादरीला अंग पुसलं. आजी पंख्याखाली उभी राहून वाळली. भावी मॅनेजर स्वतः ओल्या पाठीवर शर्ट चढवून ऑफिसला गेले आणि शिंकत परतले. पण माघार घेतील तर ते कसले? घरात कुणी टॉवेलाबद्दल ब्र काढायचा नाही, असा त्यांनी हुकूम सोडला.

रविवारी साहेब आले ते घामाघूम होऊन. "जरा तोंड धुतो," म्हणाले. बाथरूमचं दार लागलं. नळ बंद झाला. मग बराच वेळ नुसती खसखस ऐकू आली.

"दुसरा टॉवेल आहे का हो?" आतून आवाज आला.

भावी मॅनेजरांनी दुसरा दिला. मग तिसरा. अखेर साहेब बाहेर आले तेव्हा केसांतून ओघळ चालले होते, मिशांतून थेंब गळत होते आणि गालांना निळे धागे चिकटले होते. भावी मॅनेजरांना हातची खुर्ची जाताना दिसली. झालं, संपलं सगळं!

साहेब सोफ्यावर टेकले. सोफा ओला झाला, पुढ्यातली बिस्किटं भिजली. पण पुसता येत नाही हे साहेबांनी क्लार्कच्या घरी कबूल कसं करायचं? ते घसा खाकरून म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी जरा जास्तच ओलं आहे, नाही?"

"हो साहेब! या बाजूला तशीच तक्रार आहे."

"टॉवेल मात्र अप्रतिम. काय मऊ! काय वास! आपल्या ऑफिसात असे का नाहीत?"

आठवड्याभरात भावी मॅनेजर मॅनेजर झाले आणि पहिला हुकूम ऑफिसातल्या टॉवेलांचा निघाला. धुलाई मॅनेजरांच्या पद्धतीने होऊ लागली. कर्मचारी हात धुऊन टॉवेलाची तोंडभर स्तुती करत आणि बाहेर येऊन गुपचूप पँटला हात पुसत. प्रत्येकाच्या घरी प्रमोशनची वाट पाहणारं माणूस होतं.

एकदा मॅनेजर तोंड धुऊन, निथळत निघाले असता साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचाही चेहरा ओलाच होता. त्यांनी दार लावलं, खणाचं कुलूप काढलं आणि आतून एक विटका, खरखरीत, विरत चाललेला टॉवेल काढला. कपाळ, मान, कानांमागे असं त्यांनी चवीने पुसलं. एका फटक्यात सगळं कोरडं!

"तुमच्या मिसेसनी दिला, त्या दिवशी जाताना जिन्यात," साहेब समाधानाने म्हणाले. "बाई फार समजूतदार आहेत."

मॅनेजरांच्या हनुवटीवरून फाइलवर पाणी टपकत होतं. त्यांनी लाज सोडून हात पुढे केला.

"साहेब, एकदाच... जरा मिळेल का?"

साहेबांनी टॉवेलाची घडी घातली, खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

"अहो, तुम्हाला कशाला?" ते म्हणाले. "तुमचे टॉवेल बाहेर टांगलेत ना!"