बापाने नोकरी करण्याचे कारण

शाळा सुटते तेव्हा ऑफिस ऐन भरात असतं, ही या जगाची पक्की रचना आहे आणि ती कुणा अडाण्याने केलेली नाही. शाळेची वेळ सव्वानऊ ते पावणेतीन ठेवणारेही शिकलेले होते आणि ऑफिसची वेळ आठ ते पाच ठेवणारेही शिकलेले होते. दोघांची एकमेकांशी गाठ कधी पडली नाही, एवढंच. (पडली असती तर ती दुपारी तीनलाच पडली असती, आणि तेव्हा दोघांचीही पोरं तिसरंच कुणीतरी सांभाळत असतं.)

आक्का चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे तिला ही रचना समजायला जरा वेळ लागला. तिने तेवीस वर्षं प्रसूतिगृहात आयाचं काम केलं होतं. ज्यांची पहिली अंघोळ आक्काच्या हातची झाली अशी माणसं आज शहरात बस चालवतात, दुकानं चालवतात, दोघं तर नगरपालिका चालवतात. रडतं पोर आक्काने हातात घेतलं की गप्प व्हायचं, आणि बहुतेक वेळा त्याची आईही. निवृत्त झाल्यावर तिने नातवाचा ताबा घेतला. नातवाला सगळे टिल्लू म्हणत. वय साडेसहा, इयत्ता पहिली. सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, खायला घालायचं, दोन धपाटे द्यायचे (ही सरासरी झाली), निजवायचं. खर्च शून्य.

ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत तिच्यात काहीतरी धोका असणारच. तो लवकरच उघडकीला आला. दुसरीतल्या एका मुलाचे आजोबा चष्मा विसरून शाळेत गेले आणि भलत्याच मुलाला घरी घेऊन आले. त्याला जेवू घातलं, झोपवलं, उठवून दहा गणितं करून घेतली. संध्याकाळी त्यांचा मुलगा कामावरून आला तेव्हा उलगडा झाला. त्या पोराला विचारलं, बाळा, तू बोलला का नाहीस. तो म्हणाला, मला वाटलं आजपासून घर बदललं असेल. (गणितं दहाच्या दहा बरोबर होती.)

शाळेने ताबडतोब पत्रक काढलं. यापुढे पाल्याला शाळेत सोडण्याचा व शाळेतून नेण्याचा अधिकार फक्त (अ) आई, (ब) वडील किंवा (क) मान्यताप्राप्त सांभाळ केंद्र यांना राहील. आजी-आजोबा हे आदरणीय असले तरी प्रमाणित नाहीत, सबब त्यांनी फाटकाबाहेर उभे राहून हात हलवण्यास हरकत नाही.

घरात पत्रकाचं जाहीर वाचन झालं. (अ) म्हणजे सून. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला जायची. (ब) म्हणजे आक्काचा मुलगा. तो विमा कंपनीत, शाळेच्या मागच्याच गल्लीत, चालत सहा मिनिटं. दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार होऊन सर्वानुमते (क) निवडण्यात आला. आक्काही सर्वांतच होती, हे इथे सांगितलं पाहिजे.

सांभाळ केंद्राची स्तुती करावी तेवढी थोडी. तिथे भिंतींवर हसरे ससे होते, दारात हातभर लांबीची वही होती आणि दरपत्रक काचेच्या चौकटीत होतं:

सकाळचा सांभाळ, सात ते सव्वानऊ: साडेसहा हजार.
दुपारचा सांभाळ, पावणेतीन ते सहा: अकरा हजार.
जागा राखून ठेवण्याचा आकार: दोन हजार. (सुट्टीत केंद्र बंद असतं, पण जागा आतून राखलेली असते.)
जिव्हाळा शुल्क: नऊशे.
उशीर: पहिल्या मिनिटाला तीनशे. दुसऱ्या मिनिटाची वेळ आणू नये.

केंद्राच्या वार्षिक पाहणीनुसार सत्त्याण्णव टक्के पालक पूर्ण समाधानी होते. उरलेले तीन टक्के मत लिहायला थांबले आणि त्यांना उशिराचा आकार पडला.

सून सकाळी टिल्लूला अर्धवट झोपेत केंद्रात ठेवायची, दिवसभर लोकांचं रक्त तपासायची, पाचला लॅबमधून निघायची आणि सहा वाजायच्या आत केंद्राच्या दारात हजर व्हायचा प्रयत्न करायची. दुसऱ्या बसस्टॉपपासून केंद्रापर्यंत ती चपला हातात घेऊन धावे. तीन महिन्यांत साडेचार किलो वजन उतरलं. (केंद्राने आपल्या माहितीपत्रकात ‘पालकांच्या आरोग्यातही सुधारणा’ असं छापलं ते यावरूनच.) तरीही महिन्याला दहा-बारा वेळा एखादं मिनिट हुकायचंच. पाचला पाच कमी असताना निघाल्याबद्दल लॅबच्या साहेबांनी तिला दोन लेखी ताकिदी दिल्या. त्याच लॅबमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, मुलाखती पंधरा तारखेला होत्या आणि तिसरी ताकीद मिळालेल्याला मुलाखतीला बसता येत नसे. नऊ वर्षं ती त्या जागेकडे डोळे लावून होती.

एका रविवारी मुलगा कागद-पेन्सिल घेऊन बसला. तो हिशोबाला पक्का. नोकरीच तशी होती.

“तुझा पगार सत्तावीस हजार,” तो बायकोला म्हणाला. “केंद्राचे उशिरासकट तेवीस हजार चारशे गेले. राहिले तीन हजार सहाशे. त्यातून बसभाडं. कशासाठी मरतेस एवढी? सरळ घरी बस.”

“पंधराला मुलाखत आहे माझी,” सून म्हणाली.

“मग दे की मुलाखत. मी कुठं नाही म्हणतोय? दे आणि मग बस. मनात राहायला नको.”

सून उठून टिल्लूचं दप्तर भरायला लागली, पण भरलेलंच दप्तर तिने पुन्हा रिकामं केलं, हे आक्काने पाहिलं. सुनेचं आणि आक्काचं फारसं सूत नव्हतं. सून पसारा घालायची, फोनवर हळू बोलायची आणि आक्काने घासलेली भांडी न सांगता पुन्हा विसळायची. (मग आक्का ती पुन्हा घासायची.) पण रक्ताच्या थेंबात दुखणं ओळखणाऱ्या बाईला घरात बसवायचं म्हणजे धारेची सुरी खिडकी वाजू नये म्हणून फटीत खोचून ठेवण्यासारखं होतं. वस्तू वाया गेलेली आक्काला खपत नसे, मग ती नावडती का असेना.

“तिच्याच पगारातनं का रे वजा केलेस?” आक्काने विचारलं.

“म्हणजे?”

“पोर काय तिने एकटीने पैदा केलं? त्या दिवशी मी आत होते. तू बाहेर बाकावर बसून रडत होतास.”

“अगं आई, हिशोबाची एक पद्धत असते.”

“मग त्याच पद्धतीने तुझ्यातनं वजा कर. किती राहतात?”

त्याने नाइलाजाने पेन्सिल फिरवली. “चौतीसमधून... दहा हजार सहाशे.”

“एवढ्यासाठी टाय लावून जातोस होय? तूही बस घरी.”

मुलगा मनापासून हसला. आईचा स्वभाव विनोदी आहे असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

आक्का दुसऱ्या दिवशी केंद्रात गेली. संचालिका बाईंनी तिला सशाच्या आकाराच्या खुर्चीवर बसवलं.

“मला ठेवून घ्या,” आक्का म्हणाली. “तेवीस वर्षांचा अनुभव आहे. माझ्या नातवाला मीच बघेन, तुम्ही फक्त शिक्का मारा.”

“तुम्हाला घेऊ की. पण सख्ख्या नातवाला नाही सांभाळता येणार, आजी. नियमात बसत नाही.”

“का?”

“तुमचा जीव असतो ना त्याच्यावर. मग इतर मुलांवर अन्याय होतो.”

“म्हणजे जीव नसलेली माणसं ठेवता तुम्ही?”

“प्रशिक्षित ठेवतो,” संचालिका बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही दुसऱ्यांची मुलं बघा, दुसरं कुणीतरी तुमचं बघेल. शुल्क चालू राहील. पगारातून परस्पर वळतं करता येईल.”

आक्काने खुर्चीच्या कानांना धरून स्वतःला उठवलं. जाता जाता तिला शुल्कसवलतीचा अर्ज मिळाला. अर्ज चार पानी होता आणि अतिशय विचारपूर्वक तयार केलेला होता. आईचा पगार. आईने नोकरी करण्याचे कारण (ठोस लिहावे, ‘पैसा’ हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही). आईने नोकरी सोडल्यास पाल्याला होणारे फायदे (जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी). वडिलांसाठी शेवटच्या पानावर दोन रकाने होते: नाव आणि सही.

सुनेने आपल्या रकान्यात विभागप्रमुखाच्या जागेचं लिहिलं आणि मुलाखतीचं पत्र जोडलं. मग आक्काने तिच्याकडून पट्टी मागून घेतली. शेवटच्या पानावर बरीच कोरी जागा होती. तिथे तिने एक सरळ चौकोन आखला आणि त्यात चौथीच्या अक्षरात, एकेक काना जपून देत, लिहिलं: बापाने नोकरी करण्याचे कारण (ठोस).

“हे काय आता?” मुलगा म्हणाला.

“भर. अर्ज अर्धवट ठेवू नये.”

त्याला हे दोन मिनिटांचं काम वाटलं होतं. चार दिवस गेले. आधी त्याने ‘पगार’ लिहिलं, पण ते ग्राह्य नव्हतं. मग ‘आवड’ लिहिलं. परंतु अकरा वर्षं रोज जेवताना त्याने नोकरीला दिलेल्या शिव्या सगळ्यांच्या पाठ होत्या, बायको नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याने ते खोडलं. मग ‘देशाची प्रगती’ लिहिलं. टिल्लूने विचारलं, बाबा, म्हणजे तुम्ही काय करता. तेही खोडलं. शेवटी एका रात्रीत खंगल्यासारखा चेहरा करून त्याने लिहिलं: पहिल्यापासून करतो.

सवलत समितीत तिघे जण होते. असा रकाना त्यांच्या अर्जात नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आपला अर्ज त्यांनी स्वतः कधी वाचला नव्हता. रकाना आहे म्हणजे तो तपासलाच पाहिजे, या न्यायाने त्यांनी तो तपासला. निकाल पाच दिवसांत आला. आईचे कारण: पदोन्नती. ठोस आहे. वडिलांचे कारण: सवय. ठोस नाही. सबब वडील हे ‘उपलब्ध पालक’ असल्याचे प्रमाणित करण्यात येत असून सवलत नामंजूर करण्यात येत आहे. पाल्याला पावणेतीन वाजता (ब) यांच्या स्वाधीन करावे. प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी: शाळा.

शाळेला शिक्क्यापुढे काही दिसत नाही. सोमवारपासून तिने टिल्लूला केंद्राच्या गाडीत बसवायचं बंद केलं.

मुलगा ऑफिसात साहेबांकडे गेला. साहेब नाही म्हणतील ही त्याची शेवटची आशा होती. साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. “आजच्या काळात असा बाप,” ते म्हणाले, “बघायला मिळत नाही हो. तुम्ही रोज अडीचला निघा. उरलेलं काम घरून करा. पगाराला हात लावणार नाही.” त्याच आठवड्यात सूचनाफलकावर त्याचा फोटो लागला.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते जमलं. कोपऱ्यावरच्या काळ्या कुत्र्याला टिल्लू घाबरतो, तिथे हात धरावा लागतो, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यात टिल्लू चालता चालता शाळेतलं सांगायला लागला आणि बाप ऐकायला लागला. खांद्यावर छोटं दप्तर, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पोराचा हात, असं ते दृश्य रस्त्यावरच्या लोकांना फार आवडलं. शेजारच्या बायका गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, किती करतो हो बिचारा. डबासुद्धा स्वतः धुतो म्हणे. बायको नशीबवान.

मग पेपरात दोन रकाने बातमी आली. मग ‘बाप होताना’ या विषयावर त्याचं भाषण झालं. दोनशे बायका पोरांची कुठेकुठे सोय लावून ऐकायला आल्या. अध्यक्षस्थानी सांभाळ केंद्राच्या संचालिका बाई होत्या आणि कार्यक्रमापुरतं टिल्लूला केंद्रात ठेवलं होतं, निम्म्या दरात. पेपरवाल्याने आक्काला गाठून विचारलं, “असा मुलगा तुम्ही घडवलात कसा?”

“घडवलाच नव्हता,” आक्का म्हणाली. “बसल्या जागी हातात ताट दिलं मी त्याला, लग्न होईपर्यंत. त्याचं हे निस्तरत बसलेय.”

पेपरवाल्याने हे लिहून घेतलं नाही. जागा अपुरी होती.

आता एकच बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. पंधरा तारीख होऊन तीन आठवडे झाले. मुलाखत कशी झाली, हे नवऱ्याच्या साहेबांनी विचारलं नाही, शेजारणींनी विचारलं नाही, भाषणाला आलेल्या दोनशे बायकांपैकीही कुणी विचारलं नाही. सून विभागप्रमुख झाली. तिने घरी सांगितलं तेव्हा जमलेले सगळे एकमुखाने म्हणाले, असा नवरा पाठीशी असल्यावर व्हायचंच. आक्काने उठून तिला जेवायला वाढलं आणि विसळलेली भांडी विसळलेलीच राहू दिली.

तुम्हीही इथवर आलात. सुनेच्या जागेचं काय झालं म्हणून मधे एकदा तरी थांबला होतात का, ते आठवून बघा. की बापाचा हात धरून, कुत्रा टाळून, तुम्हीही खुशाल रस्ता ओलांडून गेलात?