पेजेवर उचललेलं घर

"वादळ येऊ दे नाहीतर वादळाचा बाप, माझं घर जागचं हलणार नाही," असं हेर्मिनियाने अख्ख्या गावाला ऐकवून ठेवलं होतं.

आजोबांचं बांबूचं घर तीन वादळांत कसं टिकलं, या एका प्रश्नापायी ती वर्षभर डोकं खाजवत होती. शेवटी तशाच वेताच्या गाठी मारून, तसंच झावळ्यांचं उतरतं छप्पर घालून, चार दगडांवर खांब टेकवून नमुन्याचं घर उभं केलं. आज सरकारी साहेबांनी ते मंजूर केलं की वादळात घरं गेलेल्या, तंबूतल्या साठ कुटुंबांना घरं मिळणार होती!

साहेबांच्या पाहुणचारासाठी तिने घराशेजारी मोठ्या हंड्यात घरच्या सगळ्या कोंबड्या घालून तांदळाची पेज चढवली. उरला फक्त नवऱ्याचा झुंजीचा कोंबडा, सेनापती. त्याला लांब बांधून ती धक्क्यावर गेली. बोटीला दोन तास उशीर.

साहेबांना घेऊन परतली, तर चार दगड आणि रिकामा हंडा!

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

नारळीखाली गावप्रमुख ओदोंगकाका वीस गड्यांसह दात कोरत बसले होते.

"काका, घर?"

"तुझ्या आईच्या विहिरीपाशी. तिला विचारूनच ठेवलंय हो."

"पण नेलंत कशाला?"

"आता गं! घर उचलणाऱ्यांना आधी पेज घालायची ही गावची रीत; घराशेजारी एवढा हंडा चढवलास, म्हणजे घर हलवायचंय. शेंबड्या पोरालाही कळतं."

हेर्मिनियाचा चेहरा पडला. "आजोबांचं घर कधी हललं नव्हतं, काका."

"कोण म्हणतं? वारा फिरला की आम्हीच ते खांद्यावर घेऊन टेकडीआड नेत होतो. तू आत पाळण्यात झोपलेली असायचीस."

साहेबांचे डोळे चमकले. हे स्वतः पाहिल्यावरच सही करेन, म्हणाले, आणि तेही चारच्या बोटीआधी.

"उचलू की," ओदोंगकाका म्हणाले, "पण बाई, हंडा रिकामा आहे."

एकवीस जोडी डोळे हळूहळू सेनापतीकडे वळले.

साठच्या साठ घरं मंजूर झाली! साहेबांनी तर कोट काढून स्वतः खांदा दिला, दोनदा पेज मागून घेतली.

संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी मासेमारीहून परतणाऱ्या नवऱ्याची होडी दिसली. हेर्मिनिया मुकाट्याने नमुन्याच्या घरात जाऊन बसली आणि खिडकीतून हळूच म्हणाली,

"ओदोंगकाका, अजून एकदा उचलता का? टेकडीआड ठेवा. मी आतच आहे."