दोन खिशांतल्या दोन याद्या

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट कालचीच आहे, अजून गरम आहे. ती ऐकून झाल्यावर मला तुमच्याकडून एक काम करून हवंय. कोणतं, ते शेवटी सांगतो.

माझं नाव पोम्पिलिऊ. आमच्या गावच्या टपाल कचेरीत मी एकतीस वर्षं पत्रं वेगळी करतोय. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात पडलेलं नाही. हे वाक्य मी घरी इतक्यांदा म्हटलंय, की आता ते माझ्याआधी आमची लुक्रेत्सियाच म्हणून टाकते.

शनिवारी सुट्टी होती. कामं तीन. हिवाळ्याच्या पिंपात मुरवायला तीस कोबी आणायचे. पितरांचा शनिवार होता, म्हणून उकडलेल्या गव्हाचा, साखर-अक्रोड घातलेला कोलिवा चर्चमध्ये न्यायचा आणि आमच्या घरच्या मृतांची यादी फादरना द्यायची. आणि दवाखाना.

"अहो, एका सकाळीत सगळं कसं होणार?" लुक्रेत्सिया म्हणाली.

"अगं, पत्रासारखंच. जे काम ज्या खणाचं, त्या खणात."

दवाखान्याचं काम सगळ्यात मोठं. मला रक्तदाब दाखवायचा होता, पण ते निमित्त. खरं काम शेजारच्या वेतूरिया मावशींचं. वय शहात्तर, मागेपुढे कुणी नाही. सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. हृदयाच्या डॉक्टरांची सही असल्याशिवाय इस्पितळ दाखल करून घेत नाही, आणि ते डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातून एकाच शनिवारी येतात. हा शनिवार हुकला असता तर ऑपरेशन नाताळाच्या पलीकडे गेलं असतं, आणि मावशींना तेच हवं होतं. दोन वर्षांत तीनदा त्या इस्पितळाच्या दारातून परत फिरल्या आहेत.

"पोम्पिलिऊ, आधीच सांगते. एक जरी अपशकुन झाला, तरी मी जायची नाही. कुत्रं आडवं गेलं तरी नाही."

"मावशी, मी बरोबर आहे ना?"

आमच्याकडे रांगेची यादी जो पहिला येतो तो करतो. पहाटे पाचला पहिला मीच. वहीचं पान फाडलं, वर छोटासा क्रूस काढला. लहानपणापासूनची सवय, आईने लावलेली, किराण्याच्या यादीवरसुद्धा काढतो. खाली माझं नाव लिहिलं, मग वेतूरिया मावशींचं, मग येतील तशी बाकीची पाच. नुसती पहिली नावं. आडनाव देवाला लागत नाही, ते रांगेला कशाला हवं? त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर रात्री मृतांची यादी केली होती. एक पान डाव्या खिशात, एक उजव्या.

सातला चौकातून कोबीचं पोतं आणलं आणि त्यावर मावशींना बसवलं. पावणेआठला सिस्टर साफ्ताने दार उघडलं. माझ्या एका हातावर कोलिव्याचं ताट. दुसरा हात खिशात घातला, यादी दिली, आणि चौक ओलांडून चर्चमध्ये जाऊन दुसरी फादरना दिली.

आता थोडं फादर इओव यांच्याविषयी सांगू द्या. ते प्रवचन बोलायला सुरुवात करतात, आणि तिसऱ्या वाक्याला त्या बोलण्याखाली सूर फुगायला लागतो, झाकलेल्या कणकेसारखा. पाचव्या वाक्याला ते गात असतात आणि आपल्याला कळलेलंही नसतं. मी रविवार ते रविवार त्या आवाजावर जगतो. काल ते गात होते, की माणूस विसरतो, दगडावरची अक्षरं पुसतात, पण देवाने एकदा घेतलेलं नाव तो खाली ठेवत नाही. माझ्या अंगावर काटा आला.

मग याद्या वाचायला लागले. आमच्याकडे त्या वेळी सगळे मिळून ताटं उचलून झुलवतात. ज्यांचा हात पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. मी अगदी पुढे. दोन्ही हात ताटाला, पाठीवर साठ माणसं.

"पोम्पिलिऊ…" फादरनी नाव लांबवलं.

अहाहा, मला वाटलं, माझ्याच नावाचा कुणी बिचारा गेला. किती सुंदर ऐकू येतं हे नाव! देव त्याला शांती देवो.

"वेतूरिया… स्पिरिडॉन… फिलोफ्तेया…"

शेजारची बाई कुजबुजली, "कुणाचं घर हो हे? सगळे एकदमच गेलेले दिसतात."

तेव्हा कळलं. हा क्रम मी पहाटे पाचपासून बघत होतो. पण हात सोडता येईना. मी सोडला की साठ माणसांचं झुलणं मोडतं. सगळं चर्च मृतांसाठीचं 'चिरंतन स्मरण' गायला लागलं. मीही गायलो. स्वतःसाठी, तीन वेळा, तालात.

आणि मग आठवलं. गर्दी बाहेरपर्यंत असते म्हणून फाटकावर कर्णा लावलेला आहे. त्याचं तोंड चौकाकडे. म्हणजे दवाखान्याकडे.

ताट घेऊन धावलो. चौकात कोबीवाले टोप्या काढून उभे. दवाखान्यापुढे आमची रांग, एका ओळीत. निवृत्त रेल्वेवाले स्पिरिडॉन मला बघून म्हणाले, "या, स्वर्गवासी पोम्पिलिऊ. तुमचा नंबर पहिला होता."

"मी तर स्वतःसाठीच छातीवर क्रूस काढला," फिलोफ्तेया म्हणाली. "हात आपोआप गेला."

आतून साफ्ता ओरडत होती, "झाहारिया! पारास्किवा! तिसऱ्यांदा बोलावतेय हं!"

झाहारिया म्हणजे माझे वडील. पारास्किवा म्हणजे सासूबाई.

"साफ्ता," स्पिरिडॉन म्हणाले, "तुझ्या यादीतले येणार नाहीत. आणि आलेच, तर आम्ही इथे थांबणार नाही."

वेतूरिया मावशी कोबीच्या पोत्यावर तशाच, डोळे मिटून. मी समोर गुडघ्यांवर बसलो. "मावशी, चूक माझी. हा अपशकुन धरू नका. पाया पडतो, सही घ्या."

"गप रे," त्या हळू म्हणाल्या. "अजून कानात आहे. थांब जरा."

मग त्या पोत्यावर जरा सरळ बसल्या.

"मला ऑपरेशनची भीती नव्हती," त्या म्हणाल्या. "मूल ना बाळ. मी गेले तर माझं नाव कोण घेणार, याची होती. आज अख्ख्या चौकाने टोपी काढली. परवा माझ्याशी भांडला त्या कोबीवाल्यानेसुद्धा. शहात्तर वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, की माझं नाव इतकं गोड आहे." मग त्यांनी एक डोळा उघडला. "सोमवारी जाते. आता व्हायचं काय राहिलंय? डोळा बरा झाला की आधी त्या फादरचं तोंड बघणार आहे."

मी एकतीस वर्षं पत्रं खणांत टाकतोय. चुकीच्या खणातून इतकं बरोबर पोचलेलं पत्र मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मावशींची छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि सही केली. मग माझा रक्तदाब घेतला. एकशे नव्वद. "सकाळपासून काही त्रास झाला का?"

"विशेष नाही," मी म्हटलं. "मघाशी वारलो."

फादर इओव रागावले नाहीत. आज रविवारी त्यांनी तीच सात नावं जिवंतांच्या यादीत गायली, त्याच सुरात. मी मात्र घरी वाचलो नाही.

"म्हणजे पितरांच्या शनिवारी माझ्या आईचं नाव घेतलंच नाही?"

"घेतलं की, लुक्रेत्सिया. तीनदा."

"कुठे?"

मी साफ्ताची चिठ्ठी पुढे केली. 'पारास्किवा. गैरहजर. पुढची तारीख डिसेंबरचा पहिला शनिवार. उपाशी पोटी यावे.'

तर आता माझं काम. उद्या सकाळी नऊला वेतूरिया मावशी ऑपरेशनच्या टेबलावर असतील. तेव्हा हातातलं काम क्षणभर थांबवा आणि त्यांचं नाव घ्या. जिवंतांत घ्या, जमलं तर गाऊन. फक्त ते कागदावर लिहून माझ्याकडे देऊ नका.