काशक्का गोलात बसते

आमच्या मुडबीची काशक्का फुकटचं काही घेत नसे. भाजीवाल्यानं वर चार काड्या कोथिंबीर टाकली, की ती काढून परत त्याच्या टोपलीत ठेवायची. गाणगापूरला प्रसादाच्या पंगतीत बसायच्या आधी ती झाडू हुडकायची आणि अंगण झाडूनच पानावर बसायची. "फुकटचं पचत न्हाई मला," म्हणायची. शेजारी म्हणून आम्ही वाटीभर कालवण दिलं, तर वाटीत शेंगा भरून परत. आई वैतागायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. गावातले निम्मे बापे पुण्याला बांधकामावर गेलेले. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मुलींचा फुटबॉलचा संघ काढला, पण मुली मिळाल्या माझ्यासकट दहाच. एक दिवस काशक्का शेळ्या घेऊन मैदानाकडेनं चालली होती. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "पळायचं असंल तर न्हाई जमायचं. आडवायचं असंल तर मी येते."

खुल्या गटाला वयाची अट नव्हती. चाळिशी उलटलेली काशक्का आमची गोलकीपर झाली. कासोटा घातलेलं इरकल लुगडं, वर सरांनी दिलेला पिवळा शर्ट, पाय अनवाणी. मोकाट बकरू धरावं तशी ती चेंडूवर झेपावायची आणि धरल्यावर चेंडूलाच शिव्या द्यायची.

कर्नाटक सरकारच्या दसऱ्याच्या क्रीडास्पर्धा आल्या. तालुक्यात बायकांचा दुसरा संघच नव्हता, आम्ही जिंकलो. जिल्ह्यातही नव्हता, तिथंही आम्हीच. एकही सामना न खेळता आम्ही विभागीय स्पर्धेला गुलबर्ग्याला पोचलो. तिथं अंतिम सामन्यात समोरचा संघ होता, पण तो आलाच नाही. टेबलामागच्या साहेबांनी आमच्यासमोर कप ठेवला आणि हसून म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही विजेत्या."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. काशक्कानं कपाला हातसुद्धा लावला नाही.

"कुणाला हरवलाव आमी?" तिनं विचारलं.

"समोरचे आले नाहीत, अक्का. नियमच आहे तसा."

"तालुक्याला असंच. जिल्ह्याला असंच. पोरी सकाळी उठून रोज पळायल्यात ते कामून? कप उचलायला?"

साहेबांना घाई होती. पुरुषांचा अंतिम सामना सुरू व्हायचा होता, प्रेक्षक जमले होते. त्यांनी सरांना कप घेऊन जायची खूण केली. सर कप उचलतायत तोवर काशक्का मैदानात शिरली होती. ती सरळ चालत गेली आणि गोलात मांडी घालून बसली.

पुरुषांचा उंचापुरा गोलकीपर आपल्या जागेवर आला, तर तिथं ही. "अक्का, उठा की," तो म्हणाला.

"बस तू बी. जागा हाय."

लोक हसायला लागले. साहेब तणतणत आले. पोलीस बोलावतो म्हणाले.

"बोलवा. त्येनला बी इचारते," काशक्का म्हणाली. "स्पर्धा म्हंजे दोन बाजू लागतेत का न्हाई?"

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. मग एकेक करून सगळ्याच मुली आल्या. शेवटी पुरुषांच्या एका संघाचा कप्तान साहेबांना म्हणाला, "आम्ही खेळतो यांच्याशी. अर्धा तास."

"नियमात बसत नाही."

"मग सराव म्हणा."

तो सराव सुरू झाला. बापे हसत, हळूहळू पळत होते. मुद्दाम चेंडू सोडत होते. काशक्कानं गोलातूनच कप्तानाला हटकलं. "पायात काटा मोडलाय का तुज्या? नीट खेळ. आमी काय भीक मागायला आलाव का?"

मग ते नीट खेळले. सहा गोल केले. त्याहून जास्त काशक्कानं अडवले. एक पोटावर, एक तोंडावर. मी एकदा एकटीच गोलासमोर पोचले आणि चेंडू आभाळात मारला. सामना संपला तेव्हा काशक्काचं मनगट सुजलं होतं. ती टेबलापाशी आली आणि चांगला हात पुढं केला. "आता द्या," म्हणाली. साहेबांनी कप दिला.

दिवेलागणीला बस मुडबीत आली. कप सरांकडं गेला, मुली आपापल्या आयांच्या मागं गेल्या. काशक्का आणि मी आमच्या गल्लीत आलो. तिच्या दाराला कुलूप होतं. नवरा आणि दोन्ही पोरं पुण्याला. सणालाही येतीलच असं नव्हतं. सुजल्या हातानं किल्ली फिरेना, म्हणून कुलूप मी काढलं, आत दिवा लावला, चूल पेटवून हळद-तेल गरम केलं.

मी मनगटाला हळद लावत असताना ती अचानक म्हणाली, "आज काय झालं म्हाईत हाय का?"

मी तर दिवसभर तिच्याबरोबरच होते.

"सायेब म्हनला, कप घ्या. मी म्हनलं, कुणाला हरवलाव आमी?" तिचे डोळे चमकत होते. "मग काय, बसले की गोलात. ती आपल्या शेजारची सुमन हाय बघ, ती पयली आली माज्याजवळ."

सुमन मीच. तिच्या आवाजात मात्र नुकत्याच कामावरून आलेल्या घरच्या माणसाला सांगावं तसा उत्साह होता. पलीकडून आईनं जेवायला हाक मारली. काशक्का हात मागं घेऊ लागली.

मी तो धरूनच ठेवला.

"मग?" मी म्हणाले. "बापे खेळले का?"