गरम पाण्याच्या टाकीवरचा सर्व्हर

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात गरम पाण्याची टाकी उंचावर होती आणि तिचं तापमान दाखवणारी तबकडी टाकीच्याही वर होती. ती तिथे कोणी आणि का बसवली, याची नोंद उपलब्ध नव्हती. त्यामुळे बॉयलरवरचे मामा दर अर्ध्या तासाने सव्वीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढत, आकडा बघत, उतरत आणि रंगखात्याला ओरडून सांगत. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. गुडघे मात्र आधीच निवृत्त झाले होते.

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, पण दुरुस्ती विभागातल्या फिटरबाईचे ते सख्खे मामा होते. शिडीच्या मध्यावर ते दम खाताना दिसले की ती हातातला पाना खाली ठेवून ते उतरेपर्यंत बघत राहायची. एके दिवशी तिने काडेपेटीएवढी वायफायची चिप टाकीला जोडली आणि खाली एक छोटा पडदा लावला. आकडा आपोआप खाली येऊ लागला. मामा चार दिवस स्टुलावर बसले. पाचव्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना बसलेलं पाहिलं.

"हे बसणं अधिकृत आहे?"

फिटरबाईने चिप दाखवली. व्यवस्थापकांनी लगेच संगणक विभागाच्या प्रमुखांना बोलावून घेतलं.

"ही थेट आकडाच सांगते?" प्रमुखांनी विचारलं.

"हो, साहेब."

"ओळखपाळख नसताना? कुणालाही?"

यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचा एक मान्यताप्राप्त प्रोटोकॉल होता. त्यात आधी नमस्कार, मग ओळख, मग प्रमाणपत्र, मग ते प्रमाणपत्र खरं असल्याचं प्रमाणपत्र, मग बंद दाराआड भेट, आणि हे सगळं निर्विघ्न पार पडलं तर आकडा. एवढा शिष्टाचार सांभाळणारा सर्व्हर एरवी कपाटाएवढ्या यंत्रावर चालायचा. फिटरबाईला तो काडेपेटीत बसवायचा हुकूम झाला. तीन आठवडे तिच्या नाकी नऊ आले, पण तिने तो बसवला.

सर्व्हर चालतोय म्हटल्यावर सगळ्याच विभागांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. सुरक्षा विभागाने दुप्पट लांबीची सांकेतिक किल्ली मागितली. गुणवत्ता विभागाला कोण कधी विचारून गेलं याची नोंद हवी होती. प्रशासनाने टाकीचं पूर्ण नाव, हुद्दा आणि ती कोणाच्या हाताखाली येते, हे नमूद करायला सांगितलं. त्या एवढ्याशा चिपची स्मृती ती केवढी! दर सात मिनिटांनी ती चक्कर येऊन पडायची आणि उठून पुन्हा नमस्कारापासून सुरुवात करायची.

"साहेब, जागा संपलीय. काहीतरी काढावं लागेल," फिटरबाई बैठकीत म्हणाली.

यादी वाचली गेली. प्रमाणपत्र अनिवार्य. किल्ली अनिवार्य. टाकीचा हुद्दा तर अत्यंत अनिवार्य. शेवटी प्रमुखांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय आहे?"

"ते तापमान."

"नियमावलीत आहे?"

"नियमावलीत कसं असेल, साहेब? ते आपल्या टाकीचं आहे."

"म्हणजे नाही," म्हणत प्रमुखांनी त्या ओळीवर रेघ मारली.

त्या दिवसापासून सर्व्हर एकदाही पडला नाही. तपासणी पथकाने त्याला शंभरपैकी शंभर गुण दिले. स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यावर हिरवा ठिपका झळकू लागला: 'संपर्क उत्तम'. फिटरबाईचा सत्कार झाला. व्यवस्थापक बोलत होते आणि तिला खिडकीतून शिडी चढणारे मामा दिसत होते.

"मामा, मला वाटलं होतं..." नंतर ती त्यांना म्हणाली.

"अगं, चालायचंच. चार दिवस बसलो ना? तेवढे कोण देतं!"

पुढच्याच महिन्यात मामा वर पोचेपर्यंत पाणी नको तेवढं तापलं आणि गडद निळ्या कापडाचे चाळीस तागे फिकट जांभळे होऊन बाहेर आले. चौकशी समितीने सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. त्यांत तसूभरही खोट निघाली नाही. मामांकडे मात्र प्रमाणपत्र नव्हतं. इतकी वर्षं ते ओळख न पटवताच तबकडीकडे बघत आले होते, ही गंभीर बाब उघडकीस आली. समितीने त्यांना 'मानवी सेन्सर क्रमांक एक' म्हणून नोंदवून घेतलं आणि प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी अर्ज भरणं बंधनकारक केलं.

दुसऱ्या दिवशी मामा अर्ज भरत असताना फिटरबाईने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, पदर खोचला आणि स्वतःच शिडी चढली. वर पोचून तिने तबकडी पुसली.

"किती गं?" मामांनी खालून हाक दिली.

तिने आकडा सांगितला. मामांनी मान हलवली आणि ते आच कमी करायला गेले.

एवढ्या बैठका झाल्या, तपासणी झाली, चौकशी झाली. पण पाणी किती तापलंय हे विचारणारे मामा एकटेच. बाकी कोणाला तो प्रश्न पडला नाही. इथवर वाचत आलात, पण तुम्हीही विचारलं नाहीत.